पाय कुठं होता?

नमस्कार, श्रोते हो. गाडी दोन लाख किलोमीटरच्या पुढं गेली की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. पिकअप गेलं, ऑइल खाते, धूर मारते, काढून टाका आता! पण इंजिन आतून किती झिजलंय हे कळायला एक साधी तपासणी आहे, कॉम्प्रेशन टेस्ट. स्पार्क प्लग काढायचा, त्या भोकात गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, बसवायचा, सेल्फ मारायचा आणि पिस्टन हवा किती जोरानं दाबतोय ते काट्यावर वाचायचं. झालं.

आता माझंच ऐका. माझी गाडी तेव्हा २ लाख १८ हजार चाललेली. सिग्नलला उभी राहिली की अशी थरथरायची, की आरसा हलून मागची गाडी दोन दिसायची. गॅरेजमधल्या पोरानं चारही प्लग काढले, गेज लावला नि म्हणाला, "काका, सेल्फ मारा." मी मारला. पहिला सिलिंडर ९५ पीएसआय, म्हणजे दाबाचं माप. दुसरा ९०. तिसरा ६५. चौथा ९५. पेट्रोल इंजिनाला साधारण १२५ ते १८० हवेत. पोरगा हात पुसत म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा संपल्या. इंजिन बांधायला लागणार."

कोपऱ्यात एक म्हातारे मिस्त्री डब्यातले नटबोल्ट निवडत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सेल्फ मारताना पाय कुठं होता?"

मला वाटलं, गुडघ्याची चौकशी करताहेत. म्हटलं, "पाय? खाली, मॅटवर."

"ॲक्सिलरेटरवर नव्हता?"

"नव्हता."

"मग हवा आत येणार कुठून?"

अहो, खरंच की! पाय वर, म्हणजे थ्रॉटल, इंजिनात हवा सोडणारी झडप, बंद. सिलिंडरला पोटभर हवाच मिळाली नाही, तर तो बिचारा दाबणार काय? शिवाय बॅटरी मेलेली, सेल्फ कण्हत फिरत होता. त्यांनी दुसरी चार्ज केलेली बॅटरी जोडायला लावली, मला पेडल पार खाली दाबून ठेवायला सांगितलं, आणि स्वतः थ्रॉटलमध्ये वाकून बघितलं, उघडलंय ना म्हणून. आता आकडे आले १६०, १५५, ११० आणि १६०.

तीन ठणठणीत, एक आजारी. सगळ्यात चांगल्या सिलिंडरपेक्षा बाकीचे दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली नकोत. आमचा तिसरा तीस टक्के खाली. मिस्त्रींनी त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजले असतील तर ऑइल ती फट तात्पुरती बुजवतं आणि काटा चांगलाच वर चढतो. काटा थांबला ११५ वर. "रिंगा नाहीत. व्हॉल्व्ह." म्हणजे सिलिंडरची झडप.

व्हॉल्व्हवरचं झाकण, टॅपेट कव्हर, उघडलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशी, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेपाशी, फट मोजायच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पातीसुद्धा शिरेना. गॅपच उरला नव्हता, व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. नशीब, जळला नव्हता. गॅप सेट केला, पुन्हा मोजलं, १४५. पोरगा माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं.

इंजिन नवं करून देणाऱ्या त्या बाटल्या मिळतात ना, त्या तेव्हा माझ्या डिकीत दोन होत्या. झिजलेला बोअर बाटलीनं भरून येत नाही हो. आणि रोज काच पुसणारी माणसं महिन्यातून एकदा ऑइल मोजायची डिपस्टिक का काढून बघत नाहीत, हे मला आजवर उमगलेलं नाही. असो.

तर पुन्हा सांगतो, लिहून घ्या. इंजिन कोमट. बॅटरी भरलेली. सगळे प्लग बाहेर, एकच काढून भागत नाही. गाडीतल्या फ्यूएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचं कनेक्शन काढलेलं. आणि पाय? पाय ॲक्सिलरेटरवर, पार खाली. नव्या गाड्यांत थ्रॉटल विजेवर चालतो, पेडल दाबूनही उघडेलच असं नाही, तेव्हा डोळ्यांनी बघा. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच झटके द्या, पाच-सहा, आणि काटा कसा चढतो तेही बघा. चांगला सिलिंडर पहिल्याच झटक्याला उसळी घेतो. रिंगा झिजल्या असतील तर काटा हळूहळू, पायरी-पायरीनं चढतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर खालीच राहतो, फारसा चढत नाही.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर आधी हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगवर, संशय घ्या. डिझेलवाल्यांनी मात्र पेट्रोलचा गेज लावू नये. तिथं दाब तीनशे-चारशेच्या घरात जातो, गेज फुटायचा.

वेळ संपत आली. निळ्या धुराबद्दल बोलायचं राहिलंच, ते पुढच्या खेपेला. नमस्कार.