वीज पडली, त्यानंतरची चौदा वर्षं

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर ‘मेंदूची इजा आणि नवी क्षमता: कारणमीमांसा’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. कारणमीमांसेकडे येईनच मी. पण आधी एक तक्रार ऐकून घ्या, ती फार दिवस साचलीय.

तक्रार अशी, की या विषयावरची प्रत्येक गोष्ट दोन वाक्यांत उरकली जाते. डोक्याला मार लागला, आणि माणूस उठला तो थेट कलावंत होऊनच. मधलं सगळं गायब. जुन्या सिनेमात गेलेली स्मृती दुसऱ्या फटक्यासरशी परत यायची ना, त्याच घराण्यातला हा प्रकार. हसताय, पण ‘मग आमच्या मुलाचं गणित सुधारेल का?’ असं विचारणारे पालक मला भेटलेत. मुलगा शेजारीच बसलेला होता. तो मात्र हसला नाही.

आता टोनी सिकोरिया घ्या. अमेरिकेतला हाडांचा डॉक्टर. १९९४ साली, वय ४२, तळ्याकाठी घरच्यांचा मेळावा चाललेला, आणि हा सार्वजनिक फोनवरून आईशी बोलत होता. बोलणं संपतंय तोच फोनमधून विजेचा लोळ आला आणि तोंडावर आदळला. हृदय थांबलं. फोनसाठी मागं थांबलेली बाई अतिदक्षता विभागातली नर्स निघाली, तिनं छाती दाबून त्याला परत आणलं. (मोबाइल आल्यापासून आपल्या मागं रांगेत कोणी उभंच नसतं, हा तोटा कुणी मोजत नाही.) काही दिवस नावं आठवेनात, मग तेही सावरलं. डॉक्टर कामावर रुजू झाला.

आणि मग त्याला पियानो ऐकायची अनावर तहान लागली. गडी रॉक संगीतातला. लहानपणी पियानोचे मोजके धडे, बस्स. पियानोच्या रचनांसाठी नावाजलेल्या शोपँच्या ध्वनिमुद्रिका आणल्या. त्याच सुमारास मुलं सांभाळणाऱ्या मुलीनं विचारलं, माझा पियानो काही दिवस तुमच्याकडे ठेवू का? इथवर सगळे रंगवून सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. त्याला वाजवता येत होतं का? नाही. पहाटे चारला उठून कामावर जाईपर्यंत रियाज, संध्याकाळी घरी आला की पुन्हा रियाज. शिक्षिका लावली. दरम्यान संसार मोडला; कारणं काय असतील ती असोत. २००८ साली त्यानं स्वतःची रचना जाहीर कार्यक्रमात वाजवली, तेव्हा त्या विजेला चौदा वर्षं झाली होती. विजेनं फार तर ओढ दिली. बोटं त्याची त्यानं तयार केली.

जेसन पॅजेटचंही तेच. २००२ साली टकोमा शहरात दोघांनी त्याला बेदम मारलं. हा फर्निचर विकणारा, गणिताशी वैर. नंतर त्याला वाहत्या पाण्यातही रेषा आणि कोन दिसू लागले. पण सोबत हात धुण्याचं वेड आलं, खिडक्यांवर पांघरुणं टाकून तो घरात बसला, तेही काही वर्षं. दिसतंय ते मांडायचं कसं, हे शिकायला त्याला शेवटी कॉलेजच गाठावं लागलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. तर कारणमीमांसा.

ब्रूस मिलर यांच्या गटाला कॅलिफोर्नियात नव्वदच्या दशकात एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे असे रुग्ण आढळले, की ज्यांची भाषा झिजत होती आणि चित्रकला उमलत होती. बिघाड बहुधा डाव्या कानशिलामागच्या भागात. अंदाज असा, की हा भाग बाकीच्या मेंदूला आवर घालतो. तो थकला की दुसरे भाग मोकळे सुटतात. ॲलन स्नायडर यांनी सिडनीत १२ निरोगी माणसांचा हाच भाग चुंबकीय स्पंदांनी तात्पुरता मंदावला. पडद्यावर क्षणभर चमकलेल्या ठिपक्यांची संख्या ओळखण्यात १० जण सुधारले, आणि परिणाम ओसरल्यावर बहुतेकांचा अंदाज पुन्हा घसरला. बाराच माणसं, हे विसरू नका.

आता आकडे. डॅरल्ड ट्रेफर्ट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाच्या नोंदवहीत अशा असामान्य क्षमतेचे ३१९ जण. त्यांतले इजेनंतर किंवा आजारानंतर तसे झालेले फक्त ३२. उलट जगात दरवर्षी मेंदूला मार बसणारे अंदाजे ६ कोटी ९० लाख. त्या पालकांना मी हेच दोन आकडे सांगितले.

माझ्या मांडणीला अडचणीचा माणूस एकच, ऑर्लँडो सेरेल. १९७९ साली, दहाव्या वर्षी बेसबॉलचा चेंडू डोक्याच्या डाव्या बाजूला लागला. त्या दिवसापासून कोणत्या तारखेला हवा कशी होती, हे त्याला आठवतं, आणि तारखेवरून वारही सांगतो. शिक्षक नाही, पहाटेचा रियाज नाही. माझी ओढीची आणि मेहनतीची गोष्ट इथं लंगडते, हे मला ठाऊक आहे. दुसरी चिठ्ठी आलीय, तेव्हा थांबतो. प्रश्नांची सुरुवात सेरेलपासूनच करा.