सुई, दांडा आणि नरसाळं

[दृश्य : काळोखात तरंगणारं स्थानक, समोरून हळूहळू सरकत येणारं यान]

नऊ सेंटिमीटर. हाताची पाच बोटं आडवी जुळवून धरा, साधारण तेवढंच.

२४ एप्रिल १९७१. साल्युत-१ हे जगातलं पहिलं अवकाश स्थानक कक्षेत जाऊन पाच दिवस झालेत. सोयुझ-१० हे सोव्हिएत यान त्याला येऊन टेकलंय. यानाच्या नाकावरचा दांडा स्थानकाच्या नरसाळ्यात शिरलाय, खाचेत अडकलाही आहे. आता मोटरने दांडा आत ओढून घ्यायचा, म्हणजे दोन्हीकडच्या कडा एकमेकींना भिडतील. पण दांडा मध्येच थांबतो. ९ सेंटिमीटर उरतात, ते काही केल्या भरत नाहीत.

यानाचे कमांडर आहेत व्लादिमीर शातालोव. २७ महिन्यांत ही त्यांची तिसरी अंतराळवारी, आणि तिन्ही वेळा काम एकच : दुसऱ्या यानाला जाऊन जोडायचं.

[दृश्य : कक्षेची आकृती, एकामागे एक दोन ठिपके]

डॉकिंग म्हटलं की दोन यानं अलगद येऊन चिकटतात असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते फक्त शेवटच्या काही मिनिटांपुरतं खरं. त्याआधी दोन्ही यानं ताशी सुमारे २८ हजार किलोमीटरने पृथ्वीभोवती धावत असतात, आणि तिथे रस्त्यावरची अक्कल चालत नाही. पुढचं यान गाठायला इंजिन चालवून वेग वाढवलात, तर तुमची कक्षा उंचावते. उंच कक्षेतली फेरी लांबलचक, त्यामुळे तुम्ही आणखीच मागे पडता. म्हणून अंतर किती, ते कोणत्या वेगाने कमी होतंय आणि आपण बाजूला किती सरकतोय, हे तिन्ही आकडे सतत हातात लागतात. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाहीत.

सोयुझवर हे आकडे द्यायची ती ‘इग्ला’ नावाची रेडिओ यंत्रणा. इग्ला म्हणजे रशियन भाषेत सुई. पाठलाग करणाऱ्या यानावर तिचा एक भाग आणि ज्याला गाठायचं त्याच्यावर दुसरा. दोघांनी एकमेकांचा संकेत पकडायचा, दोघांनी एकमेकांकडे तोंड फिरवायचं. मग पाठलाग करणारं यान आपोआप इंजिन चालवत जवळ सरकतं. मोठं इंजिन शेपटाला, त्यामुळे जोरात ब्रेक लावायचा तर अख्खं यान उलटं फिरवावं लागे.

शेवटचा टप्पा मात्र वैमानिकाच्या हाताचा. डाव्या हातातली दांडी यानाला पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवते. उजव्या हातातली यानाचं तोंड फिरवते. समोर काय आहे ते पाहायला ‘व्झोर’ नावाचा पेरिस्कोप.

आणि जोडणी? एकाच्या नाकावर दांडा, दुसऱ्याच्या नाकावर नरसाळं. दांड्याचं टोक नरसाळ्याच्या भिंतीला कुठेही लागलं तरी घसरत तळाच्या खोबणीत जातं आणि तिथे अडकतं. धक्का सोसायला दांड्यामागे शॉक ॲब्झॉर्बर. यानं हलायची थांबली की मोटर दांडा आत ओढते, कडा भिडतात, कडांवरचे आकडे (म्हणजे हुक) एकमेकांत बसतात, विजेची जोडणी होते. थोडक्यात, आधी पकड आणि मग आवळणी.

[दृश्य : बायकोनूरचा उड्डाणतळ, ऑक्टोबर १९६८]

सोव्हिएत संघाने ३० ऑक्टोबर १९६७ ला दोन निर्मनुष्य यानं, कॉसमॉस-१८६ आणि कॉसमॉस-१८८, आपोआप जोडून दाखवली होती. माणसाच्या हाताने जोडायचा त्यांचा पहिला प्रयत्न ऑक्टोबर १९६८ मध्ये झाला. सोयुझ-३ मध्ये होते गेओर्गी बेरेगोवोय, वय ४७, दुसऱ्या महायुद्धात लढलेले वैमानिक. समोर निर्मनुष्य सोयुझ-२. इग्लाने त्यांना सुमारे २०० मीटरपर्यंत आणून सोडलं. पुढे बेरेगोवोय यांनी यान हातात घेतलं आणि तिथेच घोटाळा झाला.

वेळ रात्रीची, जमिनीशी संपर्क नाही, आणि अंतराळात पोहोचून जेमतेम एक फेरी झालेली. वजनरहित अवस्थेत पहिल्या काही तासांत रक्त डोक्याकडे चढतं, वर-खाली कळेनासं होतं. सोयुझ-२ वरच्या दिव्यांची मांडणी पाहून यान सरळ आहे की उलटं ते ओळखायचं होतं. त्यांचं यान १८० अंशांनी उलटं होतं. ते जवळ जायला बघत, तसं समोरचं यान नाक फिरवून घेई, कारण त्याच्या यंत्रणेला उलट्या यानाचा संकेत धड कळत नव्हता. या झटापटीत बेरेगोवोय यांच्या यानाचं इंधन संपत आलं आणि प्रयत्न सोडावा लागला.

पुष्कळांनी तेव्हा सगळा दोष वैमानिकावर टाकला. आमच्या मते तो अर्धाच खरा. पहिल्याच फेरीत, अंधारात, कुणाशी बोलायची सोय नसताना हे काम ज्यांनी आखलं, त्यांचाही त्यात वाटा होता. पुढच्या मोहिमेत आखणी बदलली, यावरूनच ते दिसतं.

बेरेगोवोय यांच्या राखीव वैमानिकांपैकी एक होते शातालोव.

[दृश्य : जुनी छायाचित्रं]

जन्म ८ डिसेंबर १९२७, कझाकस्तानातल्या पेट्रोपाव्लोव्स्कचा. वडील रेल्वेत, वाढले लेनिनग्राडमध्ये. १९४९ मध्ये काचा वैमानिक विद्यालयातून बाहेर पडले, मग प्रशिक्षक झाले, १९५६ मध्ये मोनिनोची हवाई दल अकादमी पूर्ण केली. १९६३ मध्ये अंतराळवीरांच्या दुसऱ्या तुकडीत निवड झाली.

उड्डाण ठरलं १३ जानेवारी १९६९ ला. शातालोव हे सोव्हिएत संघाचे तेरावे अंतराळवीर ठरणार होते. तारीख तेरा, क्रमांक तेरा, आणि ते यानात बसलेले असताना उड्डाण रद्द! ज्यांना शकुन-अपशकुन पाहायचे त्यांनी खुशाल पाहावेत. दुसऱ्या दिवशी सोयुझ-४ सुरळीत वर गेलं. १५ तारखेला मागोमाग सोयुझ-५ निघालं, त्यात बोरिस वोलिनोव, अलेक्सेई येलिसेयेव आणि येव्हगेनी ख्रुनोव.

या वेळी घाई नव्हती. शातालोव यांना वजनरहित अवस्थेची सवय व्हायला दोन दिवस मिळाले. जोडणी दिवसाउजेडी, तीही सोव्हिएत भूमीवरून जाताना, म्हणजे क्रिमियातल्या येवपातोरियाच्या नियंत्रण केंद्राला सगळं दिसेल, ऐकू येईल.

१६ जानेवारी. इग्लाने १०० मीटरपर्यंत आणलं तेव्हा यानं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ होती. शातालोव यांनी दांड्या हातात घेतल्या, अंतर ४० मीटरवर आणलं आणि तिथेच थांबले. थांबले म्हणजे दोन्ही यानं धावतायत, पण मधलं अंतर हलत नाही. नियंत्रण केंद्राच्या टप्प्यात येईपर्यंत त्यांनी यान तसंच धरून ठेवलं. मग पुन्हा पुढे. टेकताना वेग होता सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर. दांडा बसला, आकडे बसले. माणसं असलेली दोन यानं जोडली जाण्याची ही पहिलीच वेळ. अमेरिकेच्या नील आर्मस्ट्राँग यांनी मार्च १९६६ मध्ये जेमिनी-८ हे यान जोडलं होतं, पण ते निर्मनुष्य अजिना रॉकेटला.

योगायोग असा, की भारताच्या इस्रोने स्पेडेक्स मोहिमेत पहिलं डॉकिंग केलं तेही १६ जानेवारीलाच, २०२५ मध्ये. तिथे टेकण्याचा वेग ठरवला होता सेकंदाला १० मिलिमीटर. साडेसहा टनांच्या सोयुझचं काम त्यामानाने रांगडंच म्हणायचं.

[दृश्य : जोडलेली दोन यानं, बाहेर दोन आकृती]

यानं जोडली खरी, पण एकातून दुसऱ्यात जायला आतून वाट नव्हती. दांड्यामागे भरीव यंत्र. मग जायचं कसं? बाहेरून. सोव्हिएत चांद्रमोहिमेतही अंतराळवीराला एका यानातून दुसऱ्यात असंच बाहेरून जायचं होतं, त्यामुळे ही त्याची रंगीत तालीमच.

वोलिनोव यांनी दोघांना ‘यास्त्रेब’ नावाचे अवकाशपोशाख चढवायला मदत केली, स्वतः खालच्या, परतीच्या कुपीत गेले आणि मधलं झाकण लावलं. मग वरच्या गोल कक्षातली हवा सोडून दिली. श्वसनयंत्रणेची पेटी पाठीवर नव्हती, पायांना बांधलेली होती, कारण पाठीवर पेटी घेऊन त्या अरुंद दारातून माणूस बाहेर पडलाच नसता. आधी ख्रुनोव, मागून येलिसेयेव. कठड्यांना धरून, हातावर हात टाकत दोघे पलीकडे गेले. ३७ मिनिटांचं काम. येलिसेयेव यांच्याकडचा चित्रीकरणाचा कॅमेरा नीट अडकवलेला नव्हता, तो तरंगत निघून गेला. म्हणून या प्रसंगाची जवळून घेतलेली फिल्म आज कुठेही सापडणार नाही.

पलीकडच्या कक्षात हवा भरली, झाकण उघडलं, आणि पाहुण्यांनी शातालोव यांच्या हातात टपाल ठेवलं : पत्रं आणि वर्तमानपत्रं. शातालोव निघाल्यानंतर छापलेली! स्वतःच्या उड्डाणाची बातमी त्यांनी कक्षेतच वाचली.

साडेचार तासांनी यानं सुटी झाली. १७ जानेवारीला शातालोव दोघांना घेऊन उतरले. एकटे राहिलेले वोलिनोव दुसऱ्या दिवशी उतरताना मरता मरता वाचले. यानाचा शेपटाकडचा भाग वेळेवर सुटला नाही, त्यामुळे उष्णतेची ढाल मागे आणि पातळ झाकणाचं नाक पुढे अशा अवस्थेत यान वातावरणात घुसलं. झाकणाचं रबर जळू लागलं. शेवटी जोडणारे दांडे उष्णतेने तुटले, कुपी आपोआप योग्य बाजूला वळली. पुढे पॅराशूटच्या दोऱ्यांनाही पीळ पडला. आदळण्याच्या धक्क्याने त्यांचे दात तुटले. बाहेर तापमान उणे ३८.

[दृश्य : तीन रॉकेटं, लागोपाठ तीन दिवस]

ऑक्टोबर १९६९. ११, १२ आणि १३ तारखेला सोयुझ-६, ७ आणि ८ वर गेले. एकाच वेळी सात माणसं कक्षेत. सोयुझ-८ मध्ये शातालोव आणि येलिसेयेव. त्यांनी सोयुझ-७ ला जोडायचं आणि सोयुझ-६ ने ते बाजूने टिपायचं, असा बेत.

सुईच हरवली. इग्लाने संकेत पकडलाच नाही. जमिनीवरून गणितं करून यानं एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आणली गेली, शातालोव यांनी हाताने प्रयत्न केले, पण इग्ला नाही म्हणजे अंतराचा आकडा नाही, वेगाचा नाही. पेरिस्कोपात एक चमकता ठिपका, तो बाजूला सरकतोय एवढंच दिसतं, किती वेगाने ते कळत नाही. एका बाजूचं सरकणं थांबवावं तोवर दुसऱ्या बाजूने सुरू. सुमारे ५०० मीटरच्या आत काही जाता आलं नाही. जानेवारीत ज्यांच्या हाताचं कौतुक झालं, तेच हात इथे रिकामे. सोयुझ-६ ने अवकाशात वेल्डिंगचा प्रयोग केला, तेवढीच त्या मोहिमेची जमेची बाजू.

[दृश्य : साल्युत-१ची रेखाकृती, जोडणीचा भाग मोठा करून]

आता पुन्हा त्या नऊ सेंटिमीटरकडे.

सोयुझ-१० मध्ये शातालोव, येलिसेयेव आणि निकोलाई रुकाविश्निकोव होते. जोडणीची रचना नवी : दांडा आता झाकणावर बसवलेला, झाकण उघडलं की दांड्यासकट बाजूला होणारा, आणि मागे ८० सेंटिमीटर व्यासाची वाट. बाहेरून जायची गरज संपली. इग्लाने या वेळी काम चोख केलं. १८० मीटरवर शातालोव यांनी यान हातात घेतलं, जवळ नेलं, टेकवलं. दांडा अडकला.

चूक पुढच्या सेकंदांत झाली, आणि ती कुणा माणसाची नव्हती. टेकल्यावर यान थोडं तिरकं होणारच, ते सरळ करायचं काम शॉक ॲब्झॉर्बरचं. पण यानाचं स्वयंचलित नियंत्रण चालूच होतं. त्याला दिसलं एवढंच, की यान तिरकं झालंय. ते सरळ करायला त्याने छोटी इंजिनं उडवायला सुरुवात केली. दांड्याचं टोक स्थानकात अडकलेलं, आणि त्याभोवती कित्येक टनांचं यान घंटेच्या लोलकासारखं हेलकावे खातंय. तो ताण दांड्यामागच्या यंत्राला सोसला नाही. शॉक ॲब्झॉर्बरचा भाग मोडला. आता मोटर कितीही फिरली तरी दांडा पुरता आत येणं शक्य नव्हतं.

आत जाता येत नाही, हे एक. निघण्याची आज्ञा दिल्यावर यान सुटेना, हे दुसरं आणि जास्त गंभीर. उरलेले उपाय दोन्ही वाईट. एक, दांड्याचं यंत्र यानापासून सोडवून तिथेच ठेवायचं. दुसरा, वरचा गोल कक्षच स्फोटक बोल्टनी तोडून मागे सोडायचा आणि कुपीतून परतायचं. दोन्हींत माणसं वाचली असती, पण साल्युतचं एकुलतं एक दार कायमचं बुजलं असतं. आणखी एका प्रयत्नात खोबणीने दांडा सोडला. साडेपाच तास जोडलेल्या अवस्थेत काढून, स्थानकात पाऊल न टाकता तिघे २५ एप्रिलला रात्रीच्या अंधारात कझाकस्तानात उतरले.

दुरुस्ती सोपी होती : यंत्राची ताकद दुप्पट केली, आणि टेकल्यानंतर नियंत्रण वैमानिकाच्या ताब्यात राहील अशी सोय केली. ७ जूनला सोयुझ-११ त्याच नरसाळ्यात व्यवस्थित बसलं. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव आत गेले, तीन आठवडे राहिले. परतताना ३० जूनला यानाचे भाग सुटताना एक झडप उघडली, हवा निघून गेली आणि तिघेही गेले. त्यांच्या अंगात दाबपोशाख नव्हते.

[दृश्य : स्टार सिटी]

त्याच महिन्यात निकोलाई कामानिन यांच्या जागी शातालोव यांच्याकडे हवाई दलातर्फे अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाची सूत्रं आली होती. ते पुन्हा उडाले नाहीत. तीन उड्डाणं मिळून हिशेब ९ दिवस २१ तास ५७ मिनिटांचा. १९७५ च्या अपोलो-सोयुझ या अमेरिका-सोव्हिएत संयुक्त मोहिमेसाठी सोव्हिएत चमूची तयारी त्यांच्या देखरेखीखाली झाली, आणि मोहिमेचे सोव्हिएत उड्डाण संचालक होते तेच येलिसेयेव. १९८७ पर्यंत शातालोव या पदावर होते, पुढे १९९१ पर्यंत गागारिन प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख. १५ जून २०२१ ला वयाच्या ९३ व्या वर्षी ते वारले.

त्यांच्या कारकिर्दीत प्रशिक्षणाला आलेल्यांमध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले एक वैमानिकही होते. ४ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ साल्युत-७ ला जाऊन टेकलं. शोधणारी सुई इग्लाच होती. दांडा नरसाळ्यात शिरला, अडकला, मोटरने आत ओढला गेला, कडा भिडल्या, आकडे बसले. दोन्हीकडचा दाब तपासून झाला. दांड्यासकट झाकण उघडलं, आणि ८० सेंटिमीटरच्या त्या वाटेने युरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव यांच्यासोबत राकेश शर्मा आत तरंगत गेले.