तिसरीच्या वर्गात मेंदू कशासाठी?

मंडळी, पत्रिकेवर छापलेल्या विषयाकडे, म्हणजे तिसरीच्या पोरांसाठी शाळेत मेंदू सप्ताह का घ्यायचा याकडे, येतोच. पण आधी एका डब्याची गोष्ट सांगतो, माझं सगळं म्हणणं त्या डब्यातूनच निघालंय.

धानपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी स्टीलच्या डब्यात बकऱ्याचा भेजा घेऊन गेलो. मटणवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं, अख्खा दे म्हणून. आणि शाळेलाही विचारावं लागतं, काही घरांत गळ्यात माळ असते. डबा उघडला तसं मागचं एक पोट्टं ओरडलं, "हे तं भेजा होय सर जी! आमच्या घरी याची भाजी होते!" वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, बरोबर. पण बकऱ्याले हा कशाले लागे? सगळे चूप. मग एक पोरगी हळूच म्हणाली, "कळप सुटला तं घर सापडाले." बघा, स्मरण आणि दिशा, दोन्ही तिनं सांगून टाकलं!

हातमोजे घालून पोरांनी घड्या चाचपल्या, मागचा लहान मेंदू पाहिला. तेवढ्यात एकानं विचारलं, "मिरगी इथूनच येते का जी?"

त्याच वर्गातली एक मुलगी घरी बसवलेली होती. झटका आला की कोणी चप्पल हुंगवायचं, कोणी कांदा, कोणी दातांत चमचा घालायचं. बाहेरची बाधा म्हणून शाळा बंद. अहो, मिरगीत मेंदूतल्या पेशींचे विद्युत संदेश काही वेळ बेताल सुटतात, एवढंच. बहुतेकांची नियमित गोळ्यांनी आटोक्यात राहते. आपण परीक्षेत मेंदूच्या आकृतीला नावं द्यायला लावतो आणि शेजारच्या बाकावरच्या लेकराला काय होतं ते सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

त्या दिवशी मग तेच शिकवलं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. पोरं एकमेकांना वळवून सराव करत होती. खिडकीशी आया जमल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "आमालेबी दाखवा ना जी."

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. तर मूळ मुद्दा, भरभर सांगतो.

तिसरीच का? सहाव्या वर्षीच मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो, आणि या वयात मिरगीची लाज अजून मनात बसलेली नसते.

दुसरं, चांदीपुरा. हा विषाणू १९६५ साली आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत सापडला, म्हणून ते नाव. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते, आणि मुलांच्या मेंदूला सूज येते. एकदम ताप, उलट्या, झटके. एका दिवसातही लेकरू हातचं जाऊ शकतं. त्यावर खास औषध नाही, लस नाही, तेव्हा तासही न दवडता दवाखाना गाठायचा. घरात धाकट्या भावंडाजवळ हीच पोरं असतात, त्यांना हे ठाऊक नको?

तिसरं, वेळ. जगभर मेंदू जागृती सप्ताह मार्चमध्ये होतो. मार्चमध्ये आपली पोरं पहाटे मोहफुलं वेचायला जातात आणि परीक्षाही तोंडावर असते. वाळूमाशी येते पावसाळ्यात. म्हणून आपला सप्ताह शाळा उघडल्या उघडल्या, रोवणीच्या आधी घ्यायचा. दाराशी वही ठेवली आहे. शिक्षकांनी शाळेचं नाव लिहावं, भेजा चालेल की कणकेचा मेंदू करून आणू, तेही लिहावं.