बावीस छेद सात

नमस्कार श्रोतेहो. आज 22 जुलै. तारीख आपल्या पद्धतीनं अंकांत लिहिली की होते 22/7, बावीस छेद सात. वर्तुळाचा परीघ काढायला आपण सगळ्यांनी घोकलेलं तेच. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून तिकडे 'पाय'चा दिवस 14 मार्चला. आपल्या हिशेबानं तो आजच.

आमच्या वर्गात फळ्यावर 'पाय = 22/7' असं सरळ बरोबरीचं चिन्ह घालून लिहिलेलं असे, आणि मी ते कित्येक वर्षं खरं मानलं. ते खरं नाही. पाय कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही, हे लॅम्बर्ट या गणितज्ञानं 1761 साली सिद्ध केलं. पण बरोबरी आणि जवळिकीतला फरक आपल्या भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावतीत किती नेमका सांगितला होता!

'व्यासे भनन्दाग्निहते विभक्ते खबाणसूर्यैः.' यात आकडे लपलेत. भ म्हणजे नक्षत्रं, 27. नंद 9, अग्नी 3. मागून पुढे वाचा: 3927. ख म्हणजे आकाश, शून्य. बाण 5, सूर्य 12. झाले 1250. व्यासाला 3927 नं गुणा, 1250 नं भागा. ही किंमत 3.1416, तिला ते 'सूक्ष्म' म्हणतात. पुढच्याच ओळीत 22/7 येतं, आणि त्याला शब्द आहे 'स्थूल', व्यवहाराला चालेल असं. आर्यभटानंही 499 साली 3.1416 च दिली होती, तीसुद्धा 'आसन्न' म्हणून. आसन्न, म्हणजे जवळ पोचलेली.

स्थूल म्हणजे किती स्थूल? परवा दादरला बांगड्या भरायला गेले. कासारणीनं माझा पंजा दाबून पाहिला आणि म्हणाली, "ताई, दोन-आठ लागेल." दोन-आठ म्हणजे दोन इंच आणि वर आठ सोळांश, अडीच इंच व्यास. त्या बांगडीचा परीघ 22/7 नं येतो 7.857 इंच, सूक्ष्म किमतीनं 7.854. फरक अक्षरशः केसाच्या जाडीचा.

आता बांगडीऐवजी पृथ्वी घ्या. व्यास सुमारे 12,742 किलोमीटर. तिथे 22/7 आपल्याला 16 किलोमीटर चुकवतं, चर्चगेटहून लोकलनं वांद्र्याच्या जरा पुढे जाऊ तेवढं. आणि 3.1416? शंभर मीटरसुद्धा नाही. बारा डब्यांच्या फलाटाच्या निम्म्याहून कमी!

'गोपीभाग्यमधुव्रात' हा श्लोक तुमच्याही मोबाईलवर आला असेल. त्यात अक्षरांना ठरावीक आकडे आहेत: गो 3, प 1, भ 4, य 1, अशी पायची दशांशस्थळं खरोखरच गुंफलेली आहेत, फार सुंदर. तो वेदांतला म्हणून मात्र सांगू नका. तो पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या 1965 साली छापलेल्या 'वैदिक गणित' या पुस्तकातला. लीलावती हाताशी असताना आपल्याला उसन्या प्राचीनतेची गरज काय?

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला होता. तसा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. 1865 साली तो अभ्यासकांपुढे मांडला मुंबईच्या एका डॉक्टरानं, भाऊ दाजी लाड यांनी. आर्यभटावरही त्यांनी तेव्हाच लिहिलं. राणीच्या बागेत पेंग्विन दाखवायला मुलांना न्याल, तेव्हा शेजारच्या वस्तुसंग्रहालयावरचं त्यांचं नाव मुलांना वाचायला लावा, आणि जाताना खिशात एक सुतळी ठेवा. बागेत जाड बुंध्याची झाडं पुष्कळ आहेत.

नमस्कार.