अठरा वर्षांनंतरची हालचाल

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नागपुरात पहाटे अंबाझरी तलावाच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सच्या रस्त्याने फिरायला जाणारे बरेच जण आत्ता हे ऐकत असतील. तिथे तुम्हाला निवृत्त मंडळी भेटतात, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं भेटतात, योगवर्गाच्या बाया भेटतात. पण पस्तीस-चाळीस वर्षांचा बौद्धिक दिव्यांग माणूस पायात बूट घालून झपझप चालताना तुम्ही शेवटचा कधी पाहिला? 2011 च्या जनगणनेत देशभरात अशा सुमारे 15 लाख व्यक्तींची नोंद झाली. आपल्या शहरातही ही माणसं आहेत, फक्त ती बाहेर दिसत नाहीत. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं काम त्यांच्यासोबत चालतं, आणि आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

विशेष शाळेत असेपर्यंत मूल हलतं. सकाळी ऑटो येतो, प्रार्थनेला उभं राहावं लागतं, कवायत होते, डबा खाल्ला की मैदान असतं, गॅदरिंगच्या आधी महिनाभर लेझीम चालते. अठरा वर्षं झाली की हे सगळं संपतं. काहींना कार्यशाळेत जागा मिळते. तिथे पणत्या रंगवतात, फाईली बनवतात, राख्या बांधतात. काम चांगलंच आहे, पण ते बसून करायचं. ज्यांना तीही जागा मिळत नाही, ते दिवसभर टीव्हीसमोर असतात. दोन-तीन वर्षांत वजन वाढतं, दम लागतो, जिना नको वाटतो, आणि घरचे म्हणू लागतात, "तो मुळातच आळशी आहे."

मला हे पटत नाही. फिटच्या आणि वर्तन शांत ठेवण्याच्या काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे स्नायू सैल असतात, तळपाय बऱ्याचदा सपाट असतात, आणि थायरॉइड मंद असण्याचं प्रमाण त्यांच्यात बरंच जास्त असतं. पाय दुखतो म्हणून बसून राहणाऱ्याला "पाय दुखतो" हे सांगता येत नसेल, तर तो आपल्याला आळशीच दिसणार. त्यात आपल्याकडे माया दाखवायची ती खाऊ घालून. तर्री पोहे, समोसा, संत्रा बर्फी. बिचाऱ्याला दुसरं काय सुख आहे, असं म्हणत आणखी एक तुकडा हातावर ठेवला जातो.

व्यायामाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा दिली, तर मी उठण्या-बसण्याबद्दल सांगेन. आईचं वय सत्तर, मुलगा चाळिशीचा आणि अंगाने भारी, अशी घरं मी नेहमी पाहते. पलंगावरून उठवायचं, संडासात बसवायचं, आंघोळीच्या पाटावरून उभं करायचं, यात आईची कंबर जाते. ती आजारी पडली की दोघांचेही हाल. तेच त्याच्या मांड्यांत स्वतःचं वजन पेलण्याची ताकद असेल, तर तो आपला आपण उठतो, न्हाणीघरात एकटा जातो, चार दिवस मावशीकडे राहू शकतो. "आमच्यानंतर याचं कसं?" हा प्रश्न प्रत्येक आईबाप मला विचारतात. या प्रश्नाच्या उत्तरातला एक मोठा भाग त्या मांड्यांमध्ये आहे, असं मी मनापासून मानते. ज्याला उचलावं लागत नाही, त्याला सांभाळायला माणूस मिळतो.

म्हणून मी वजनकाट्याआधी खुर्ची मागते. हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे उठणं सोपं जातं. पाच वेळा पुरे. जमू लागलं की उशी काढा. तोंडी सूचनांनी काम होत नाही, समोर खुर्ची मांडून स्वतः करून दाखवावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि तिच्यासाठी थांबा. आकडे येत नसतील तर पाच बांगड्या एका वाटीत ठेवा. एकदा उठलं की एक बांगडी दुसऱ्या वाटीत. वाटी रिकामी झाली की संपलं, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. बक्षीस खाण्याचं नको, आवडीचं गाणं लावा. वेळ रोज तीच ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत दिव्यांग प्रौढांचाही स्पष्ट विचार केला आहे. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. आकडा ऐकून धास्तावू नका. काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, हेही त्याच सूचनांत आहे. गल्लीच्या टोकापर्यंत दहा मिनिटं, इथूनही सुरुवात होते.

आणि घरची कामं? उन्हाळ्यात नागपूरच्या घराघरांत कूलर असतो. आधी प्लग काढायचा, मग अर्धी-अर्धी बादली नेऊन टाकी भरायची. हा ताकदीचा उत्तम व्यायाम आहे, आणि त्याला कारणही आहे: संध्याकाळी गार वारा येतो तो याच्यामुळे. कणीक तिंबणं, अंगण झाडणं, बाजारातून भाजीची थैली आणणं हेही तसंच. आपण घाई असते म्हणून ही कामं त्याच्या हातून काढून घेतो. कृपा करून घेऊ नका.

उन्हाळ्याचं मात्र सांभाळायला हवं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. काही औषधांमुळे घाम कमी येतो आणि शरीर तापतं. तहान लागली हेही काहींना सांगता येत नाही. त्यामुळे घड्याळ पाहून पाणी द्या आणि चालणं सूर्योदयाच्या आसपास उरका. डाऊन सिंड्रोम असेल तर कोलांटी मारायला लावू नका. मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, आधी डॉक्टरांना मान आणि हृदय दाखवा.

मुलींचं दुखणं वेगळंच आहे. मुलगा निदान कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो. मुलगी वयात आली की दार बंद. आईची भीती खोटी नाही, मी तिला दोष देणार नाही. पण तीन-चार घरांच्या आयांनी एक वेळ ठरवून मुलींना मिळून बागेत नेलं, तर ती भीती वाटून घेता येते. हे मी वस्त्यांमध्ये होताना पाहिलं आहे.

या माणसांना खेळ झेपत नाही असं वाटत असेल, तर 2023 साली बर्लिनला झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक स्पर्धा आठवा. भारताच्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंनी तिथून 202 पदकं आणली. या चळवळीत वयाला वरची मर्यादा नाही, आणि जवळपास सारखी क्षमता असलेल्यांना एकमेकांविरुद्ध उतरवतात, म्हणून हळू धावणाऱ्यालाही खरी शर्यत मिळते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 30 तर खेळातला सहभाग ही सरकारची जबाबदारी ठरवतं. मैदान किंवा क्रीडा संकुल "यांच्यासाठी सोय नाही" म्हणालं, तर हे कलम लेखी अर्जात नोंदवा.

शेवटी फिरायला जाणाऱ्या मंडळींना एक विनंती. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, तर आठवड्यातले दोन दिवस त्याला बरोबर न्या. त्याला "बाळ" म्हणू नका, नावाने हाक मारा. बोलता बोलता चालता येतंय इतका वेग ठेवा. तो बोलत नसेल तर चेहरा पाहत राहा. खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. निघताना घरच्यांना विचारून घ्या, फिट येते का. वाटेत आलीच, तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात चमचा-बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.

नमस्कार.