सायीएवढ्या थरासाठी

(दृश्य: एफेरेसिस कक्ष, म्हणजे रक्तातल्या पेशी वेगळ्या काढण्याची खोली. खाटेवर पेशंट, शेजारी त्यासाठीचं यंत्र, सेल सेपरेटर.)

एका हातातून रक्त बाहेर येतं, यंत्रातून फिरतं आणि दुसऱ्या हातातून पुन्हा अंगात जातं. वाटेत काढून घेतल्या जातात त्या मुख्यतः पांढऱ्या पेशी. या कामाला ल्युकाफेरेसिस म्हणतात. जून २०२१ मध्ये खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात देशातला पहिला कार-टी उपचार झाला. यात पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कर्करोगाशी लढायला परत देतात. त्याचीही पहिली पायरी पेशंटच्या स्वतःच्या पेशी गोळा करण्याचीच होती.

(दृश्य: फिरणारं यंत्र, नळीचा जवळून शॉट.)

यंत्राच्या पोटात रक्त वेगाने फिरतं. तांबड्या पेशी जड, त्या बाहेरच्या कडेला जातात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, हलका, तो आत राहतो. दोघांच्या मधे पांढऱ्या पेशींचा थर जमतो, दुधावरच्या सायीइतका पातळ. टेक्निशियन नळीतला रंग तक्त्याशी ताडून बघतात. फार लाल दिसला तर तांबड्या पेशी जास्त येतायत, फार फिका दिसला तर नुसता प्लाझ्मा. तीन-चार तास हे चालतं. तेवढ्यात अंगातलं सगळं रक्त दोन-तीनदा यंत्रातून जाऊन येतं.

"काका, ओठांना मुंग्या येतायत का?" सिस्टर पुन्हापुन्हा विचारतात. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्याच्या या मुंग्या. सांगितलं की कॅल्शियम देतात, वेग कमी करतात. पेशंटने हे मुळीच अंगावर काढू नये.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

या यंत्रामागे एक बाप आहे. १९६२ मध्ये जॉर्ज जडसन या आयबीएमच्या इंजिनियरच्या मुलाला, टॉमला, रक्ताचा कर्करोग असल्याचं कळलं. जडसन अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. एमिल फ्रायराइश यांच्याबरोबर कामाला लागले. पेशंटच्या खाटेशेजारीच रक्त वेगळं करणारं यंत्र त्यातून उभं राहिलं.

(दृश्य: पेशींची पिशवी प्रयोगशाळेकडे जाते.)

प्रयोगशाळेत टी पेशींमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्ये, नवं जनुक घालतात, म्हणजे त्या कर्करोगाच्या पेशी ओळखू लागतात. मग त्या वाढवून पेशंटला परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे ४०-५० लाखांच्या घरात आला. सामान्य घराला तेही झेपत नाही, हे मान्यच करायला हवं.

आणखी एक गोष्ट घरच्यांपर्यंत वेळेवर पोचत नाही. केमोच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की टी पेशी कमी होतात, उरलेल्याही दमलेल्या असतात. पेशी गोळा करण्याआधी डॉक्टर लिम्फोसाइटचा, म्हणजे टी पेशी ज्यात मोडतात त्या पांढऱ्या पेशींचा, आकडा बघतात. तो फार खाली असला तर तारीख पुढे जाते, आणि आजार तेवढा थांबत नाही. म्हणून आजार उलटला आणि कार-टीचा विचार होऊ शकतो असं वाटलं, तर पुढची केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा: पेशी आधी काढून ठेवायच्या का?