वर्तुळाच्या आत

[दृश्य: टेबलावर पसरलेला नकाशा. कर्कटक फिरतं, पेन्सिलीचं वर्तुळ उमटतं.]

११ मार्च २०२०. जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड-१९ला महासाथ म्हटलं आणि आठवड्याभरात देशामागून देश दारं लावून घेऊ लागले. मोटरसायकलवरून खंड ओलांडायला निघालेले लोक मिळेल तिथे अडकले. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातली जमिनीवरची सीमा २१ मार्चला हौशी प्रवाशांसाठी बंद झाली. कॅनडानं ती अमेरिकनांसाठी उघडली ऑगस्ट २०२१मध्ये, अमेरिकेनं कॅनडावाल्यांसाठी नोव्हेंबरात. तीही फक्त लस घेतलेल्यांना.

मग गाडीवाल्याच्या वाट्याला आलं ते हे वर्तुळ: घराभोवती जेवढ्या अंतरात फिरायला मुभा, तेवढंच.

आयर्लंडमध्ये घराबाहेर व्यायामाला जाण्याची मर्यादा आधी २ किलोमीटर होती, ५ मेपासून ५ झाली. फ्रान्समध्ये १ किलोमीटर आणि एक तास. ११ मेनंतर एकदम १०० किलोमीटर. मेलबर्नमध्ये ऑगस्टात ५ किलोमीटर, वर रात्री ८ ते पहाटे ५ संचारबंदी. भारतात मे महिन्यात रेड झोनमध्ये, म्हणजे साथीचा जोर जास्त असलेल्या भागात, ठरावीक कामासाठी दुचाकी काढता येई, पण मागच्या सीटवर कुणी बसायचं नाही. नुसती हौस म्हणून चक्कर मारणं तर कित्येक ठिकाणी नियमात बसतच नव्हतं, आणि ते योग्यच होतं. ती मुभा हळूहळू, टप्प्याटप्प्यानं मिळाली.

[दृश्य: वर्तुळ मोठं होत जातं.]

इथे शाळेतली भूमिती कामाला येते. ५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात साधारण ७८ चौरस किलोमीटर जमीन येते. २० किलोमीटर केले तर साडेबाराशे. १०० केले तर ३१ हजारांच्या वर! एवढ्या जागेतले रस्ते एका मोसमात संपवणं कुणालाच जमणार नाही. तरी लोक म्हणत होते, जायला जागाच नाही.

त्याचं कारण सवयीत आहे. लांबच्या सफरीला निघालेला माणूस घरापासूनचे पहिले वीस-तीस किलोमीटर उरकून टाकतो. सिग्नल, ट्रक, रोजचे खड्डे. खरी सफर त्याच्यापुढे सुरू होते, असं मनात पक्कं असतं. निर्बंध सैल होऊ लागले तेव्हा हातात आला तो नेमका हा उरकायचा पट्टा. मग कालव्याच्या कडेनं जाणारा रस्ता पुढे कुठे निघतो, हे पहिल्यांदा पाहिलं गेलं. खाणीकडे वळणारी कच्ची वाट, रेल्वे फाटकापलीकडची वस्ती, नेहमी पाटी वाचून पुढे गेलेलं एखादं गाव. तोच रस्ता उलट्या दिशेनं घेतला की वेगळाच वागतो. जाताना उलगडत जाणारं वळण येताना आवळत जातं. चढावर सहज निघणारी गाडी उतारावर मागचा ब्रेक मागते. आणि संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं.

काहींनी रिकामी वाहनतळं गाठली. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक हलका दाबून, मान पूर्ण वळवून छोट्या जागेत गाडी फिरवायची, आठचा आकडा काढायचा. हमरस्त्यावर दिवसभर सुसाट जाणाऱ्यालाही इथे पाय टेकावा लागतो. माझ्या मते त्या काळात कुणी खरोखर काही शिकलं असेल, तर ते इथे.

[दृश्य: मोकळा, रुंद महामार्ग.]

दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत २०२०मध्ये वाहनं एकूण कमी धावली, तरी मोटरसायकलस्वारांचे मृत्यू ५,०४४वरून ५,५७९वर गेले. तिथे १९७५पासून ही नोंद ठेवली जाते. तोवरचा तो सर्वात मोठा आकडा. रिकामा रस्ता वेगाला बोलावतो. रुग्णालयात खाट मिळणं मुश्कील असताना हाड मोडून तिथे दाखल होणं, हे फक्त स्वतःच्या जिवाशी खेळणं नव्हतं.

[दृश्य: गॅरेज. गाडीवरचं कापड निघतं.]

उभ्या गाडीचं काय होतं? बॅटरी उतरते, टायरची हवा कमी होते, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं बाष्प ओढून घेतं, पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक छिद्रांत, चिकटा धरतो. यावर उपाय म्हणून अनेकांनी गाडी स्टँडवर पाच मिनिटं सुरू ठेवली. त्यानं भलं कमीच होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरतं तापलं नाही तर तिचं पाणी होऊन ते ऑइलमध्ये उतरतं. म्हणून वर्तुळ लहान असलं तरी काठाला शिवून लगेच परतण्यापेक्षा आतल्या आत अर्धा-पाऊण तास फिरणं गाडीलाही मानवतं.

कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं ५ मे २०२३ला. सीमा त्याआधीच उघडल्या होत्या, लांब पल्ल्याचे लोक पुन्हा निघालेही होते.

जवळच्या फेरीचं काम मात्र संपलेलं नाही. नवे टायर, नव्यानं बसवलेल्या सामानाच्या पेट्या, नवा रेनकोट, सगळ्यांची परीक्षा इथेच घ्यावी. रेनकोटात पाणी कुठून शिरतं, हे घरापासून आठ किलोमीटरवर कळलं तर फक्त कपडे बदलावे लागतात. तीनशे किलोमीटरवर कळलं, तर तो दिवस गेलाच.